दूरध्वनीच्या तारेवरील इंटरनेट : बिघाडाचे निदान व उपाय

पिकावर रोग दिसू लागला म्हणजे जाणता शेतकरी हाताला लागेल ते औषध फवारीत सुटत नाही. तो आधी पान उलटून पाहतो, खोड चिरून पाहतो, मुळाशी ओल किती आहे याचा अंदाज घेतो आणि रोग कोठे आहे हे कळल्यावरच उपायाला हात घालतो. घरातील इंटरनेट बंद पडले की मात्र हाच शेतकरी ही शिस्त विसरतो. मोडेम पुनःपुन्हा बंद-चालू करणे, सगळ्या तारा उपसून पुन्हा खोचणे, छिद्रात टाचणी घालणे असे प्रकार सुरू होतात. अखेर कंटाळून तो दिवस मोडून तालुक्याच्या गावी जातो. पुष्कळ वेळा असे आढळते की, दोष एका गंजलेल्या जोडात किंवा एका नादुरुस्त फिल्टरमध्येच होता.

ही गोष्ट लहान वाटली तरी तिचे परिणाम लहान नाहीत. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव, हवामानाचा अंदाज ही कामे आता मोठ्या प्रमाणात इंटरनेटवर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने पिकाची नोंदही शेतकऱ्याच्याच हाती दिली आहे. यांपैकी बहुतेक कामांना मुदत असते आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. डोंगराच्या कुशीतील ज्या वाड्यांवर मोबाइलची लहर धड पोहोचत नाही, तेथे दूरध्वनीची जुनी तांब्याची तार हाच कित्येक घरांचा आधार असतो. ती तार कशी चालते व अडली तर दोष कसा शोधावा, हे प्रत्येक ग्रामस्तरीय कार्यकर्त्याला माहीत असणे इष्ट आहे.

तार काम कशी करते?

दूरध्वनीच्या जोडणीत तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींभोवती पीळ देऊन आणलेल्या असतात. या पिळामुळे बाहेरचा विद्युत उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो व बव्हंशी निष्प्रभ होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी या युक्तीचे पेटंट १८८१ साली घेतले होते.

माणसाच्या बोलण्यासाठी या तारेवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो. त्यावरचा पट्टा पूर्वी रिकामाच राहत असे. ही पडीक जमीन वहितीस आणण्याचा उद्योग म्हणजे डीएसएल होय. एडीएसएल या पद्धतीत सुमारे २५ ते ११०४ किलोहर्ट्झ व तिच्या सुधारलेल्या एडीएसएल-२ प्लस या प्रकारात सुमारे २२०८ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरला जातो. घराकडे येणारी माहिती जास्त व घरातून जाणारी कमी असते. म्हणून येणाऱ्या वाटेला मोठा हिस्सा व जाणाऱ्या वाटेला लहान हिस्सा देण्याची कल्पना अमेरिकेतील जोसेफ लेचलायडर या अभियंत्याने मांडली.

हा पट्टा सलग वापरला जात नाही. शेतात सऱ्या पाडाव्यात त्याप्रमाणे त्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे तुकडे पाडलेले असतात. एडीएसएलमध्ये असे २५६ व एडीएसएल-२ प्लसमध्ये ५१२ तुकडे असतात. मोडेम सुरू होताच प्रत्येक सरीची परीक्षा होते. जी सरी स्वच्छ असेल तिच्यावर जास्त भार घातला जातो, जिच्यात गोंगाट असेल तिच्यावर कमी, आणि अगदीच निकामी सरी पडीक ठेवली जाते. तार जसजशी लांब होते तसतशा वरच्या सऱ्या प्रथम निकामी होतात. केंद्रापासून दूर असलेल्या घराला वेग कमी का मिळतो, याचे हेच कारण आहे.

दोष कोणत्या भागात आहे?

ठिबक संचात शेवटच्या झाडाला पाणी मिळाले नाही तर आपण सगळ्या नळ्या एकदम उपटत नाही. पंप, गाळणी, मुख्य नळी, उपनळी व तोटी या क्रमाने पाहत जातो. येथेही तसेच करावे. संपूर्ण मार्गाचे पाच भाग कल्पावेत: वीजपुरवठा व मोडेम, घरातील तारा, घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंतची बाहेरील तार, केंद्र व ग्राहकाचे खाते, आणि शेवटी आपला संगणक किंवा मोबाइल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला ते कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मोडेमचे दिवे वाचावेत

मोडेमवरील दिवे म्हणजे रोग्याची नाडी होय. पहिला दिवा विजेचा असतो. तो लागत नसेल किंवा मधूनमधून विझत असेल, तर प्लग व अडॅप्टर तपासावा. गावात पंप सुरू होताच विजेचा दाब खाली जातो व दुबळा झालेला अडॅप्टर अशा वेळी मोडेमला पुरेशी वीज देऊ शकत नाही. थ्री-फेज पुरवठ्याची पाळी सुरू होताच मोडेम आपोआप बंद होऊन चालू होत असेल, तर तारेला दोष देण्यापूर्वी अडॅप्टर बदलून पाहावा. नवा अडॅप्टर जुन्यावर छापलेल्या व्होल्ट व अँपिअरच्या आकड्यांशी जुळणारा असावा.

दुसरा दिवा डीएसएलचा. तो लुकलुकत राहिला तर मोडेम केंद्राशी बोलणी करू पाहत आहे, पण जुळत नाही असे समजावे. तो स्थिर झाला म्हणजे तार जुळली. तिसरा दिवा इंटरनेटचा. डीएसएलचा दिवा स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल, तर तारेत दोष असण्याचा संभव कमी असतो. अशा वेळी देयक थकले आहे काय, ग्राहकनाव व परवलीचा शब्द बरोबर आहे काय, हे पाहावे. तिन्ही दिवे ठीक असूनही पाने उघडत नसतील, तर दोष बहुधा संगणकात, मोबाइलमध्ये किंवा वाय-फायमध्ये असतो. अशा वेळी प्रथम संगणक तारेने थेट मोडेमला जोडून पाहावा. तारेने चालते व वाय-फायने चालत नाही असे दिसल्यास मोडेमची जागा बदलावी. जाड दगडी भिंती, पत्र्याचे आडोसे व धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या वाय-फायची लहर अडवितात.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मोडेमच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून धरली की त्यातील सर्व नोंदी पुसल्या जातात. ग्राहकनाव, परवलीचा शब्द व केंद्राने दिलेले जोडणीचे आकडे कागदावर उतरवून ठेवल्याखेरीज या छिद्राला हात लावू नये. साधा दोष मोठा होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. मोडेम नुसता बंद करून दोन-तीन मिनिटांनी चालू केल्याने मात्र या नोंदी जात नाहीत.

टोन ऐकावा

डीएसएलचा दिवा स्थिर होत नसेल तर साधा दूरध्वनी उचलून कानाला लावावा. कान हे या कामातील बिनखर्चाचे उपकरण आहे. टोन स्वच्छ असेल तर दोन्ही तारा केंद्रापर्यंत अखंड आहेत असे समजावे. टोनमध्ये खरखर किंवा तडतड असेल तर कोठेतरी जोड ढिला आहे, गंजला आहे अथवा ओल शिरली आहे. टोन मुळीच नसेल तर तार तुटली आहे किंवा दोन तारा एकमेकींस चिकटल्या आहेत.

कधीकधी एक चमत्कारिक स्थिती आढळते. दूरध्वनी पूर्ण मुका असतो, तरी डीएसएलचा दिवा लागतो व रखडत का होईना इंटरनेट चालते. अशा वेळी दोनपैकी एकच तार तुटलेली असण्याचा दाट संभव असतो. बोलण्याचा प्रवाह दोन तारांशिवाय वाहत नाही, परंतु उच्च कंपनांची लहर तुटलेली फट थोड्याफार प्रमाणात ओलांडून जाते. ही बाब तक्रारीत अवश्य सांगावी. “इंटरनेट थोडे चालते, म्हणजे तार चांगली आहे” असा गैरसमज त्यामुळे टळतो.

घर की बाहेर? मुख्य चाचणी

सर्वांत उपयोगी चाचणी पुढीलप्रमाणे करावी. बाहेरून आलेली तार घरात जेथे प्रथम पोहोचते, तेथे एक लहान चौकोनी पेटी असते. तिला रोझेट म्हणतात. घरातील इतर सर्व दूरध्वनी, फॅक्स व लांबविलेल्या तारा काढून ठेवाव्यात. मोडेम या पहिल्या रोझेटला आखूड व चांगल्या तारेने जोडावा व अर्धा तास चालू द्यावा.

या स्थितीत जोडणी टिकली तर दोष घरातच आहे. मग काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडाव्यात. जिच्या जोडणीबरोबर बिघाड परत येईल तीच दोषी होय. या स्थितीतही जोडणी टिकली नाही, तर शक्य असल्यास शेजाऱ्याचा चांगला मोडेम आणून तो लावून पाहावा. तोही जुळला नाही तर दोष घराबाहेर आहे, असे मानून तक्रार नोंदवावी. या एका चाचणीने निम्मे काम संपते.

घरातील दोषांत तीन गोष्टी वारंवार आढळतात. पहिली फिल्टरची. बोलण्याची लहर व इंटरनेटची लहर वेगळी करण्यासाठी स्प्लिटर किंवा फिल्टर लावलेला असतो. स्प्लिटर एकच असेल तर सर्व दूरध्वनी त्याच्या दूरध्वनीच्या बाजूलाच जोडलेले असावेत. माजघरात किंवा गोठ्यात नेलेला जोड-दूरध्वनी फिल्टरशिवाय असल्यास तो उचलताच किंवा त्याची घंटा वाजताच इंटरनेट तुटते. दुसरी गोष्ट लांबविलेल्या तारेची. बाजारातील चपटी, बिनपिळाची तार वीस-पंचवीस मीटर ओढली तर ती बाहेरचा गोंगाट ओढून घेते. मोडेम रोझेटजवळ ठेवून लांब अंतर संगणकाच्या जाळ्याच्या तारेने किंवा वाय-फायने कापावे. तिसरी गोष्ट गंजाची. दमट भिंतीवरील रोझेटमध्ये तांब्यावर हिरवा कळंक चढतो, मुंग्या घर करतात व उंदीर तारेचे वेष्टण कुरतडतात. तारेचे टोक कापून नवे चकचकीत टोक काढावे व स्क्रू घट्ट आवळावा. नुसती टेप गुंडाळून ओल थांबत नाही.

पाऊस आणि बाहेरील तार

पाऊस पडला की बिघाड व ऊन पडले की सुधारणा, असा क्रम दिसला तर बाहेरील एखाद्या जोडात पाणी शिरत आहे असे निदान करावे. खांबावरील पेटीचे झाकण तुटलेले असते, जमिनीखालील जोड फुटलेला असतो किंवा खांबापासून घरापर्यंतची तार फांदीला घासून सोललेली असते. आपल्या कुंपणातील फांदी तारेला घासत असेल तर ती तारेपासून दूर असताना, वेळीच छाटावी. पेटी उघडणे व खांबावर चढणे ही मात्र ग्राहकाची कामे नव्हेत.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंटरनेट मंदावले असताना दूरध्वनी उचलून काही वेळ बोलले की जोडणी सुधारते व थोड्या दिवसांनी पुन्हा बिघडते, असे घडल्यास जोडावर गंजाचा पातळ थर चढलेला असतो. बोलताना वाहणारा प्रवाह तो थर तात्पुरता भेदतो. हा उपाय नव्हे, ही केवळ खूण आहे. जोड नवा करणे हाच खरा उपाय.

विजेच्या उपकरणांचा उपद्रव

डीएसएलचा पट्टा मध्यम लहरींच्या रेडिओ-पट्ट्यावर, म्हणजे सुमारे ५३० ते १६०० किलोहर्ट्झवर, येऊन पडतो. त्यामुळे ज्या गोष्टीने रेडिओत खरखर होते त्या गोष्टीने इंटरनेटही बिघडते. ठिणग्या पडणारा मोटारीचा स्टार्टर, लुकलुकणारी ट्यूब, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा किंवा चार्जर हे यातील नेहमीचे अपराधी होत. त्यांचा शोध जुन्या ट्रान्झिस्टरने लागतो. मध्यम लहरींवर कोणतेही केंद्र नसेल अशी जागा निवडावी व ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरातून फिरावे. खरखर जेथे वाढेल तेथील उपकरण बंद करून पाहावे.

वन्य प्राण्यांपासून पीक राखण्यासाठी शेतात बसविलेले झटका-कुंपण हेही एक कारण असते. त्याचे यंत्र ठरावीक अंतराने, साधारण सेकंदाला एक, असा झटका सोडते. दूरध्वनीवर तो “टक्... टक्...” असा तालात ऐकू येतो. तारेला गवत टेकले असेल, चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची बैठक फुटली असेल किंवा अर्थिंग कमजोर असेल, तर हा उपद्रव वाढतो. गवत कापावे, फुटलेल्या बैठका बदलाव्यात, यंत्राचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळे व दूर घ्यावे आणि कुंपणाची तार दूरध्वनीच्या तारेला समांतर नेऊ नये. याने कुंपणाचाही जोर वाढतो, हा दुहेरी लाभ आहे.

दोन आकडे

बहुतेक मोडेममध्ये संगणकावरून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडला असता तारेची स्थिती दिसते. काही मोडेमवर हा पत्ता वेगळा असतो व तो मागील चिठ्ठीवर छापलेला आढळतो. या पानावरील दोन आकडे पाहावेत.

पहिला आकडा लहर किती क्षीण झाली हे डेसिबलमध्ये सांगतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ही घट दर किलोमीटरला ढोबळमानाने १३.८ डेसिबल धरतात. म्हणजे ४१ डेसिबल घट दिसली तर तारेची लांबी सुमारे ३ किलोमीटर असावी. घर केंद्रापासून एकाच किलोमीटरवर असूनही ४१ दिसत असेल, तर तारेत किंवा जोडात दोष आहे. तीन किलोमीटरवर सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट वेग मिळाला तर तो चांगलाच समजावा. तेथे २० मेगाबिटची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, हा हिशेबही ध्यानात असू द्यावा.

दुसरा आकडा गोंगाटावर लहरीची किती सरशी आहे हे सांगतो. तो १० डेसिबलच्या वर असेल तर उत्तम, ६ च्या खाली गेला तर जोडणी केव्हाही तुटण्याचा संभव असतो. रात्री मध्यम लहरी दूरवर जातात व गोंगाट वाढतो. त्यामुळे दिवसा काठावर असलेली जोडणी रात्री तुटते. यास्तव हा आकडा सकाळी व रात्री असा दोनदा टिपावा.

जीव सांभाळावा

दूरध्वनीच्या तारेत साधारण ४८ व्होल्टचा दाब असतो व घंटा वाजताना तो सुमारे ७५ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून ओल्या हाताने उघडी तार धरू नये. दूरध्वनीची तार तुटून विजेच्या तारेवर पडलेली दिसली तर तिच्या जवळही जाऊ नये व वीज कंपनीस ताबडतोब कळवावे. ढगांचा गडगडाट ऐकू येताच मोडेमचा विजेचा प्लग व दूरध्वनीची तार ही दोन्ही काढून ठेवावीत. वीज दोन्ही वाटांनी घरात शिरू शकते. वादळ डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नये. मोडेम गेला तरी चालेल.

तक्रार कशी द्यावी?

“नेट चालत नाही” एवढ्या तक्रारीवरून दुरुस्ती करणाऱ्या माणसास काहीच बोध होत नाही. घरात एक लहान वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, कोणता दिवा कसा होता, टोन कसा होता, पाऊस होता काय, आणि ते दोन आकडे लिहावेत. जोडणी चांगली असतानाचे आकडेही एकदा लिहून ठेवावेत, कारण निरोगी पीक पाहिल्याखेरीज रोगट पीक ओळखता येत नाही. मग तक्रार अशी देता येते: “पहिल्या रोझेटवर, इतर सर्व काढून, दोन मोडेम लावून पाहिले. टोनमध्ये खरखर आहे. पाऊस पडल्यावर वाढते. घट पूर्वी ३० होती, आता ४४ आहे.” अशा तक्रारीने माणूस थेट योग्य खांबाशी जातो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व तोही वहीत नोंदवावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी एका भागातील अशा नोंदी एकत्र केल्यास आणखी लाभ होतो. एकाच खांबावरून जोडलेली तीन घरे एकाच पावसात बंद पडली, तर दोष त्या खांबाच्या पेटीत आहे हे कोणासही सांगता येईल. मग तीन तक्रारींऐवजी एक सामाईक अर्ज पुरतो व त्यास वजनही येते.

तांब्यानंतर काच

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूचे जाळे नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. खेडोपाडी तांब्याची जागा आता काचतंतू घेत आहे. त्यावर कळंक चढत नाही व रेडिओची खरखरही लागत नाही. तथापि तो वाकविला तर प्रकाश गळतो व नांगराच्या फाळाने तुटतो. तेथील यंत्रावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे, तंतूच्या टोकात डोळा घालून पाहू नये व तक्रार द्यावी. साधन बदलले तरी निदानाची रीत तीच राहते. दिवा पाहावा, मार्गाचे भाग पाडावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि जे दिसले ते लिहून ठेवावे.

पावसाळ्यापूर्वी आपण बांध नीट करतो, घरावरची कौले परततो. त्याच दिवसांत अर्धा तास काढून रोझेट उघडून पाहावा, तारेवर आलेल्या फांद्या छाटाव्यात व चांगल्या स्थितीतील दोन आकडे वहीत उतरवावेत. ऐन मुदतीच्या दिवशी तालुक्याचा हेलपाटा ज्यांना नको असेल, त्यांनी एवढे काम मृगापूर्वी उरकून घ्यावे.